तीन नाताळ : 'इन मेमोरियम'मधील शोक, स्मृती आणि वहिवाट

१

टेनिसनच्या 'इन मेमोरियम' या काव्याचा विचार बहुधा दोन अंगांनी केला जातो. एकोणिसाव्या शतकातील विज्ञानाने धर्मश्रद्धेपुढे जे प्रश्न उभे केले त्यांची साक्ष देणारा ग्रंथ म्हणून त्याकडे पाहणे, हे पहिले अंग. इंग्रजी विलापिकेच्या परंपरेतील एक टप्पा म्हणून त्याची मिल्टन व शेली यांच्या रचनांशी तुलना करणे, हे दुसरे. दोन्ही मार्ग आपापल्या परीने फलदायी आहेत. तथापि या दोहोंच्या मध्ये एक साधा प्रश्न राहून जातो आणि तो तत्त्वज्ञानाचा नसून घरगुती आहे. घरातले माणूस गेले. त्यानंतर येणारा पहिला सण करावा की करू नये? आणि करावयाचा तर किती?

या प्रश्नास काव्यात गौण स्थान आहे असे म्हणता येत नाही. काव्याचे विभाग नाताळच्या प्रसंगांनी पडतात, असे खुद्द टेनिसनने सांगितल्याची नोंद त्याच्या मुलाने १८९७ साली प्रसिद्ध केलेल्या चरित्रात आहे. प्रास्ताविक व समारोप वगळता काव्याची १३१ प्रकरणे आहेत. त्यांपैकी २८ ते ३० यांत पहिला नाताळ येतो, ७८ मध्ये दुसरा, आणि १०४ व १०५ मध्ये तिसरा. म्हणजे विश्व, काल, ईश्वर आणि अमरत्व यांविषयीचे सारे चिंतन या तीन रात्रींच्या खांबांवर तोलून धरलेले आहे. प्रस्तुत लेखात या तीन रात्रींचाच विचार करावयाचा आहे.

२

प्रथम वस्तुस्थिती. आर्थर हेन्री हॅलम हा टेनिसनचा केंब्रिजमधील मित्र आणि त्याची बहीण एमिली हिचा नियोजित वर. १५ सप्टेंबर १८३३ रोजी व्हिएन्ना येथे तो अकस्मात वारला. त्याचे वय तेव्हा २२ वर्षांचे होते. प्रेत समुद्रमार्गे इंग्लंडला आणण्यात आले आणि ३ जानेवारी १८३४ रोजी सॉमरसेटमधील क्लीव्हडन येथे त्याचे दफन झाले. याचा अर्थ असा की, सॉमर्सबीच्या घरात तो पहिला नाताळ आला तेव्हा मृताला अद्याप माती मिळालेली नव्हती.

काव्यात मात्र क्रम उलटा आहे. जहाजाचा प्रवास ९ ते १७ या प्रकरणांत संपतो, १८ व्या प्रकरणात दफन होते आणि नाताळ त्यानंतर येतो. ही उलथापालथ कवीने अजाणता केली असे मानता येत नाही. कारण २८ व ३० ही प्रकरणे अगदी आरंभी लिहिलेल्या भागांपैकी आहेत. म्हणजे प्रत्यक्ष अनुभव ताजा असतानाच त्याची टिपणे झाली, आणि पुढे सतरा वर्षांच्या जुळवणीत त्यांना त्यांची जागा देण्यात आली. काव्य १८५० साली निनावी प्रसिद्ध झाले. टी. एस. एलियट याने १९३६ सालच्या आपल्या निबंधात या काव्यास रोजनिशीची उपमा दिली आहे. ती यथार्थ आहे. पण ही रोजनिशी पुढे फार विचारपूर्वक बांधून काढलेली आहे, हे विसरता कामा नये.

तिसऱ्या नाताळाचीही हीच गोष्ट. काव्याच्या अंतर्गत दिनदर्शिकेप्रमाणे तो हॅलमच्या मृत्यूनंतरचा तिसरा हिवाळा ठरतो. पण त्यातील स्थलांतर प्रत्यक्षात १८३७ साली घडले. वडील १८३१ मध्ये वारल्यावर पाळकाच्या त्या घरात काही वर्षे राहू दिलेल्या टेनिसन कुटुंबास अखेर सॉमर्सबी सोडावे लागले, आणि ते एपिंगच्या अरण्यालगत हाय बीच येथे राहावयास गेले. ए. सी. ब्रॅडले याने १९०१ सालच्या आपल्या भाष्यात काव्याच्या या अंतर्गत कालगणनेची चिकित्सा केलेली आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट एवढीच की, मित्राचा वियोग आणि घराचा वियोग यांना कवीने एकाच तीन वर्षांच्या चौकटीत आणून बसविले.

३

या तीन नाताळांविषयीची रूढ समजूत अशी की, ती शोकाच्या उताराची तीन मापे होत. पहिल्या रात्री दुःख, दुसऱ्या रात्री शांती, तिसऱ्या रात्री अलिप्तता, आणि लगेच १०६ व्या प्रकरणात नववर्षाच्या घंटांबरोबर आशा. या समजुतीस काव्यातच आधार दिसतो. ३० व्या प्रकरणाची सुरुवात ७८ व्या प्रकरणात जवळजवळ तशीच परत येते. त्याच शेकोटीभोवती हॉलीच्या काटेरी हिरव्या डहाळ्या गुंफल्या जातात. फक्त पावसाळी ढगाच्या जागी निःशब्द बर्फ येते, आणि ती संध्याकाळ उतरली कशी हे सांगणारे क्रियाविशेषण बदलते. पहिल्या वर्षी ती खिन्नपणे उतरते, दुसऱ्या वर्षी शांतपणे, आणि १०५ व्या प्रकरणात परकेपणाने. एका शब्दाच्या बदलाने वर्षाचे अंतर दाखविण्याची ही पद्धती ओव्यांच्या पालुपदाशी परिचित असलेल्या आपल्या वाचकास सहज कळावी.

परंतु सणाच्या कृतीकडे पाहिले तर ही चढण सरळ राहत नाही. पहिल्या वर्षी शोक सर्वांत तीव्र आहे, आणि तरी सण होतो. डहाळ्या गुंफल्या जातात, जुने खेळ खेळले जातात, गाणे म्हटले जाते. दुसऱ्या वर्षी शोक निवला आहे, आणि सण अधिक रीतसर होतो. नाताळचा ओंडका पेटतो, सजीव चित्रे उभी केली जातात, नाच होतो, आंधळी कोशिंबीर रंगते. तिसऱ्या वर्षी शोक सर्वांत कमी, आणि तेव्हा सण अजिबात होत नाही. हॉली झुडपावरच राहू दिली जाते. गाणे, खेळ, मेजवानी, वाद्य, सर्वांस नकार मिळतो. शोक आणि सण यांचे प्रमाण आपण समजतो त्याच्या उलट निघते. दुःखामुळे सण टाकला जात नाही; दुःख उणावल्यावर तो टाकला जातो. या व्यस्त प्रमाणाचा उलगडा केल्यावाचून तीन नाताळांचा अर्थ लागावयाचा नाही.

४

उलगड्याची किल्ली २९ व्या प्रकरणात आहे. एवढे दुःखाचे कारण असताना आपण नाताळ करण्यास धजावतो तरी कसे, असा प्रश्न तेथे कवीने स्वतःसच केला आहे. पाहुणा म्हणून येऊन ज्याने ही रात्र उजळली असती तो येणार नाही. आणि तरीही तो घरातल्यांस सांगतो की, जा, आणखी एक माळ गुंफा. ही माळ येशूसाठी नाही, मृतासाठीही नाही. ती आहे घराच्या दाराशी बसलेल्या दोन वृद्ध स्त्रियांसाठी. त्यांची नावे 'यूज' आणि 'वाँट'. मराठीत त्यांस रूढी आणि वहिवाट म्हणता येईल. त्यांचे नव्यावर प्रेम नाही; आणि कवीस ठाऊक आहे की त्याही अमर नाहीत. मग त्यांचा वर्षाचा मान त्यांच्या मरणाआधीच का बुडवावा?

या युक्तिवादातील मार्मिकता अशी की, तो श्रद्धेच्या आधाराने केलेला नाही. सण खरा आहे म्हणून करा, असे कवी म्हणत नाही. आनंद परत येईल म्हणून करा, असेही म्हणत नाही. जे एके दिवशी आपोआप सुटणार आहे ते आज आपल्या हाताने सोडू नका, एवढेच तो म्हणतो. मृताविषयीची माया येथे वहिवाटीकडे वळलेली आहे. एकास अकाली जाताना पाहिले. आता दुसऱ्या कोणास, मग ती रूढी का असेना, अकाली जाऊ द्यावयाचे नाही.

आपल्याकडील आचाराशी ताडून पाहिल्यास हा प्रसंग अधिक स्पष्ट होतो. ज्या घरी वर्षाच्या आत मृत्यू झाला त्या घरी सण करीत नाहीत. दिवाळीत कढई चढत नाही, आणि शेजारीपाजारी व आप्तेष्ट फराळाचे आणून देतात. या रीतीत जुलूम आहे असे म्हणणारे म्हणोत. पण तिच्यात एक मोठी दया आहे. सण करावा की नाही हा निर्णय शोकग्रस्तांवर पडत नाही. तो समाज करतो, आणि नंतर फराळाचे ताट घेऊन दारात उभाही राहतो. मुलाच्या तोंडी चकली पडते, आणि आईला ती तळावी लागत नाही. कुळाचाराच्या पूजेचीही हीच तऱ्हा. सुतक असेल तर दुसऱ्याकडून करवून घेतात, पण खंड पडू देत नाहीत. टेनिसनच्या घरात असा आधार दिसत नाही. त्या काळच्या इंग्लंडात शोकाच्या पोशाखाचे नियम काटेकोर होते. पण शेकोटीजवळच्या त्या संध्याकाळी काय करावे हे त्या कुटुंबास स्वतःच ठरवावे लागते. म्हणून त्यांच्या खेळात अपराधीपणा शिरतो. आनंदाचे सोंग आणि त्या सोंगाकडे मूकपणे पाहणारी एक छाया, असे ३० व्या प्रकरणाचे चित्र आहे. तेथे शोक करणाऱ्यांना शोकापेक्षा निर्णयाचा भार अधिक झालेला आहे.

५

२८ व्या प्रकरणातील घंटांचा विचार येथे केला पाहिजे, कारण स्मृतीचा धागा तेथून सुरू होतो. चंद्र झाकलेला, रात्र स्तब्ध, आणि धुक्यातून चार गावांच्या चार देवळांच्या घंटा एकमेकींस उत्तर देतात. पुन्हा जाग न यावी असे ज्यास त्या वर्षात जवळजवळ वाटून गेले होते, त्या माणसावर या घंटा सत्ता चालवितात. का? लहानपणीही त्यांनी ती चालविली होती म्हणून. त्या आणतात ते सुखही नव्हे आणि निखळ दुःखही नव्हे. आनंदाचा स्पर्श झालेले दुःख त्या आणतात. सणाच्या दिवशीच्या शोकाचे याहून नेमके वर्णन इंग्रजी काव्यात क्वचितच सापडेल. कारण सण ही एकाच दिवसाची गोष्ट नसते. एका नाताळात मागचे सर्व नाताळ असतात, आणि त्यांत मृत व्यक्ती जिवंत असते. म्हणून ज्या गोष्टीने जखम उघडते तिनेच ती झाकलीही जाते.

या संमिश्र भावनेस छंदाचेही साहाय्य झालेले आहे. काव्याच्या चार ओळींच्या कडव्यात पहिली व चौथी ओळ यमकाने जुळते, आणि मधल्या दोन आपसांत जुळतात. मन घरातून बाहेर पडते, दोन पावले पुढे जाते आणि मूळच्या ध्वनीकडे परतते. पण परतेपर्यंत तो ध्वनी जरा दूर गेलेला असतो. ही रचना आपणच शोधून काढली असे टेनिसन समजत होता. वस्तुतः बेन जॉन्सन व चेरबरीचा लॉर्ड हर्बर्ट यांनी ती पूर्वीच वापरली होती. पण स्मृतीच्या गतीशी तिचा इतका निकट संबंध टेनिसननेच जोडला, यात शंका नाही.

३० व्या प्रकरणाचा शेवट मात्र निर्दोष नाही. हात हातात घेऊन मूक बसलेले कुटुंब गतवर्षी त्याच्यासह म्हटलेले गाणे आवेगाने म्हणते, थांबते, रडते. येथपर्यंत प्रत्येक पायरी खरी आहे. पुढे आवाज चढतो, आणि मृत मरत नाहीत, आपल्याविषयीची त्यांची ममता बदलत नाही, असा निर्वाळा दिला जातो. अश्रूंपासून सिद्धान्तापर्यंतचे हे अंतर फार लवकर कापले गेले आहे. कवीच्या बाजूने एवढे म्हणता येईल की, हा निर्वाळा एकट्याच्या चिंतनातून आलेला नसून गाणाऱ्या मंडळींच्या तोंडचा आहे. तो त्या रात्रीचा आधार आहे, प्रमाण नव्हे. आणि पुढील शंभर प्रकरणे त्याची तपासणी करण्यात जातात.

दुसऱ्या नाताळाचे श्रेष्ठत्व असे की, तेथे असा निर्वाळा नाही. सर्व काही यथासांग होते, कोणाच्या डोळ्यांत पाणी दिसत नाही, आणि हीच गोष्ट कवीस भयंकर वाटते. दुःखही कमी होऊ शकते काय? खंतही मरते काय? हा पहिल्यापेक्षा खोल वियोग आहे, कारण आता मृताबरोबर त्याच्यासाठी वाटणारे दुःखही जाऊ पाहते. याचे त्याला मिळणारे उत्तर असे की, खंत मरत नाही. ती अंगभूत होते, फक्त दीर्घ सवयीने तिचे अश्रू सुकतात. येथे मूळात सवयीसाठी तोच 'यूज' हा शब्द आलेला आहे, जो २९ व्या प्रकरणात दाराशी बसलेल्या वृद्धेचे नाव होता. १०५ व्या प्रकरणात तो तिसऱ्यांदा येतो. तेथे मरणोन्मुख वहिवाटीचा बंध तुटल्याचे सांगितले आहे. एकच शब्द तिन्ही नाताळांत आहे, आणि तिन्ही ठिकाणी त्याचे कार्य वेगळे आहे. पहिल्या वर्षी वहिवाट शोकास उभे राहण्यास जागा देते. दुसऱ्या वर्षी शोकच वहिवाट होऊन बसतो. तिसऱ्या वर्षी वहिवाट मरते, आणि शोक तिच्यावाचून उभा राहू शकतो.

व्यस्त प्रमाणाचा उलगडा येथे होतो. पहिल्या वर्षी सणाची गरज होती, कारण शोकास स्वतःचे रूप नव्हते. तिसऱ्या वर्षी त्यास रूप आलेले आहे, आणि ते रूप म्हणजे हे काव्य. म्हणून ज्या जुन्या आकारातून प्राण वाहत नाही तो आकार कशास जपावा, असे कवी आता विचारू शकतो. दोन वर्षांपूर्वी तो विचारू शकला नसता.

परंतु या स्वातंत्र्याची किंमत कवीने लपविलेली नाही. १०४ व्या प्रकरणाची सुरुवात २८ व्या प्रकरणाच्या शब्दांनीच होते: तोच समय, तोच झाकलेला चंद्र, तीच स्तब्ध रात्र. पण चार घंटांच्या ठिकाणी एकच घंटा उरली आहे. ती टेकडीखालच्या वॉल्थम ॲबीच्या देवळाची, असे टेनिसनने पुढे सांगितले. ती ऐकून मनात उठते ते एवढेच की, ही आपली घंटा नव्हे. इकडे वडिलांची माती सॉमर्सबीच्या बर्फाखाली एकाकी पडली आहे. वसंतात तेथे फुले येतील, पण पाहावयास घरचे कोणी नसेल. मित्राच्या शोकात दोन वर्षे झाकून राहिलेला पित्याचा शोक येथे प्रथमच सणाच्या रात्री बोलतो, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सणाचा आवाज थांबल्यावरच तो ऐकू आला.

१०६ व्या प्रकरणातील नववर्षाच्या घंटा पुष्कळ वाचकांस प्रिय आहेत. मतभेदाची सोय ठेवून असे म्हणावेसे वाटते की, समाजातील दोषांची ती लांब यादी काव्याच्या खासगी स्वरास सैल करते. तथापि तिची जागा अचूक आहे. गावच्या घंटा मागेच बोलावू शकत होत्या. परक्या घंटेस कोणतीही आठवण नाही. म्हणून पुढचे काम तिलाच सांगता येते.

६

शोकाच्या अशा दीर्घ हिशेबास आपल्या परंपरेत जागा आहे काय? 'कुमारसंभवा'च्या चौथ्या सर्गातील रतिविलाप आणि 'रघुवंशा'च्या आठव्या सर्गातील अजविलाप हे अभिजात विलापाचे आदर्श होत. दोन्ही विलाप मृत्यूच्या क्षणाशी बांधलेले आहेत. पण अजाच्या कथेत कालिदासाने एक सूचना ठेवून दिली आहे. इंदुमतीमागे अज आठ वर्षे जगतो, मुलगा लहान आहे म्हणून. आणि ती वर्षे तो तिच्या चित्राकडे पाहण्यात व स्वप्नातील क्षणिक भेटींत काढतो. त्या भेटींना कालिदासाने 'उत्सव' हा शब्द योजिला आहे. ज्या राजाच्या घरी बाहेरचे सारे उत्सव निरर्थक झाले, त्याला स्वप्नात एक उरला. या आठ वर्षांसाठी कालिदासास एक श्लोक पुरला. टेनिसनचे काव्य म्हणजे तो न लिहिलेला भाग होय. हा गुणाचा भेद नसून दृष्टीचा आहे. एकास शोकाची उंची दाखवावयाची आहे, दुसऱ्यास त्याची लांबी.

लहान केलेल्या सणाचा हा प्रश्न पुस्तकी नाही, हे आपण अलीकडेच अनुभवले आहे. २०२० साली महाराष्ट्रात आषाढीची पायी वारी होऊ शकली नाही, आणि संतांच्या पादुका एसटीच्या बसमधून पंढरपुरास गेल्या. त्याच वर्षीच्या गणेशोत्सवात सार्वजनिक मूर्तीस चार फुटांची व घरगुती मूर्तीस दोन फुटांची मर्यादा होती. बंधने साथीची होती, पण अनेक घरांत त्यांस शोकाचीही जोड मिळाली. त्या वेळी पादुका नेल्याच पाहिजेत काय, असे विचारणारे होते. नेणाऱ्यांनी जे केले त्यामागे २९ व्या प्रकरणातीलच न्याय होता. वहिवाट जिवंत आहे तोवर तिचा वार्षिक मान चुकवू नये, मग तो वीस माणसांनी दिलेला असो की लाखांनी.

आणि जेथे कोणास तो मान देता आला नाही, ज्या घरात दोन फुटांची मूर्तीही आली नाही, तेथे काय? त्यांच्यासाठी १०५ वे प्रकरण आहे. सण टाकणे ही नेहमी निष्ठेतील उणीव नसते. कधी कधी मृताची आठवण सणाच्या आधारावाचून चालू लागली आहे, याची ती खूण असते. त्या प्रकरणात सर्व गतीस नकार दिल्यावर कवी एकाच गतीस मोकळीक देतो, ती पूर्वेकडे रानामागून उगवणाऱ्या ताऱ्यांची. सणाच्या रात्री घरातले दिवे मंद ठेवले तर ते दिसतात. तीन नाताळांतून या काव्याने मिळविले ते इतकेच, आणि ते थोडे नाही.